अंगठ्याचा चहा

दाक्षायणीच्या पोटात काही राहत नाही, हे सोलापुरातल्या सगळ्या बाळीवेशीला ठाऊक होतं. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले, कुणाचा पोरगा परत मॅट्रिकला बसतोय, कुणाच्या सासूनं कुणाला काय सुनावलं, हे सकाळी नळावर तिच्या कानावर पडलं की दुपारपर्यंत त्या बातमीला पाय फुटलेले असायचे. मनात वाईट काही नसायचं बिचारीच्या. तिला माणसांचं भारी कौतुक होतं, आणि ते कौतुक एकटीनं गिळून बसणं तिला जमत नव्हतं, एवढंच.

म्हणूनच, लोकांना प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरं कुणालाही सांगायची नाहीत अशी सरकारी नोकरी तिला लागली, तेव्हा तिचा नवरा रेवणसिद्ध इतका हसला की त्याला ठसका लागला. गिरणीत पाळी संपवून आलेला माणूस, पाणी पीत पीत म्हणाला, "अगं, सरकारला दुसरी कुणी मिळाली नाही का?"

खरंच मिळाली नव्हती. मॅट्रिक झालेली, घरात कानडी, दारात मराठी आणि विणकरांच्या आळीत निभावण्यापुरतं तेलुगू बोलणारी बाई खात्याला हवी होती. दुष्काळ सरला होता, पण रेशनवर अजून ती लाल मिलो ज्वारी येत होती, तिच्या भाकरीला पोरं नाकं मुरडत होती, आणि रेशनच्या दुकानांबद्दल लोकांना नेमकं काय वाटतं हे मुंबईच्या एका खात्याला अचानक जाणून घ्यावंसं वाटलं होतं. सरकारला असं अधूनमधून वाटतं. तेवढ्यात आपण आपलं बोलून घ्यावं.

शिकवायला मुंबईहून एक साहेब आले होते. तरुण होते, चष्मा सारखा पुसायचे. त्यांनी सांगितलं, "नाव एका कागदावर, बोलणं दुसऱ्या कागदावर. दोन्ही एका पिशवीत ठेवायचे नाहीत. नावं कुलपात जातील. अहवालात फक्त बोलणं येईल. बाई, लोक आपल्याशी विश्वासानं बोलतात. त्या बोलण्यापायी त्यांना त्रास झाला, तर चोर आपण." दाक्षायणीला हे इतकं पटलं, की ते तिनं त्याच संध्याकाळी अख्ख्या आळीला सांगितलं.

पहिल्या वस्तीत मात्र तिची फजिती झाली. कागदावर पहिलाच प्रश्न कार्डधारकाचं नाव. कार्ड नवऱ्याच्या नावाचं, आणि नवऱ्याचं नाव घेणार कोण? बाई पदर तोंडाला लावून लाजायची, आणि शेजारच्या सोजरबाईला हाक मारायची. सोजरबाई म्हणजे त्या वस्तीचा खणखणीत आवाज. ती यायची, "आवं, भीमाशंकर म्हना की!" असं ठणकावून सांगायची, आणि आलीच आहे तर म्हणून उंबऱ्यावर बैठक मारायची. मागोमाग आणखी दोघीतिघी. मग पुढच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच: "सगळं चांगलं हाय की. मापबी चांगलं, मानूसबी चांगला." रेशनवाल्याची मावशी नाहीतर मेव्हणी त्या घोळक्यात बसलेली असणार, हे न कळण्याइतक्या त्या बायका खुळ्या नव्हत्या.

दाक्षायणीनं दोन दिवस ही कौतुकं लिहिली आणि तिसऱ्या दिवशी तिची ट्यूब पेटली. नाव विचारलं की शेजारीण येते, आणि शेजारीण आली की खरं बोलणं पळतं. मग तिनं नाव विचारणंच सोडलं. "कार्ड आणा बघू," म्हणायची, नाव डोळ्यांनीच वाचून ठेवायची, आणि "घसा कोरडा पडलाय, जरा पाणी द्या," म्हणून सरळ स्वयंपाकघरात शिरायची. चुलीपाशी बसलं की बायका बोलायच्या. काय बोलायच्या! एकदा बांध फुटला की लिहिता लिहिता हात दुखायचा. आणि दाक्षायणी शब्दन् शब्द लिहायची. "वजन कमी मिळते" असलं कोरडं वाक्य लिहायला तिला जीवावर यायचं. बाई जशी बोलली तशीच कागदावर उतरली पाहिजे, ह्याचा तिला अभिमान होता.

काशम्मा तिला त्याच वस्तीत, अशीच एका चुलीपाशी भेटली. अक्कलकोटकडची लेक, सोलापुरात दिलेली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोटं बिडी वळत होती आणि तोंड मडिवाळप्पाला सोलत होतं. मडिवाळप्पा म्हणजे तिथला रेशन दुकानदार. तो रेवणसिद्धाचा चुलतमामा, म्हणजे दाक्षायणीच्याच नात्यातला, हे काशम्माला ठाऊक नव्हतं. दाक्षायणीनं ते मान खाली घालून ऐकलं.

"अक्का, तागडीत साखर घालतो आन् वरनं अंगठा दाबतो. साखरंपरीस अंगठाच जास्ती! आता आमी काय अंगठ्याचा चहा करून प्यायचा?"

दाक्षायणी इतकी हसली की पेन हातातून पडलं. "लिहू हे?"

"लिवा की. पर माजं नाव न्हाई निघालं पायजे." काशम्माची बोटं थांबली. "माजं कार्ड त्येनंच शब्द टाकून करून दिलंय. त्येला कळलं तर रॉकेल बंद करंल. दिवा न्हाई तर सांजच्या बिड्या कशा वळू? पोरांच्या तोंडात काय घालू?"

"नाही निघायचं," दाक्षायणी म्हणाली, आणि गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून पुन्हा म्हणाली, "नाही निघायचं."

खात्यानं आपला शब्द पाळला. नावांचे कागद पेटीत गेले, पेटीला कुलूप लागलं, पेटी मुंबईला गेली. राहता राहिलं दाक्षायणीचं डोकं, आणि त्याला कुलूप कुठलं!

पावसाळा सरता सरता साहेब अहवाल घेऊन आले. दुकानदारांची सभा भरली. पाहणी करणाऱ्या बायका मागच्या बाकावर. साहेब आकडे वाचत होते, दुकानदार जांभया देत होते. मग साहेबांनी चष्मा पुसला, कौतुकानं हसले आणि म्हणाले, "एका गृहिणीचे शब्द मी जसेच्या तसे वाचतो." आणि वाचलं की त्यांनी. अंगठा, चहा, सगळं.

सभा खदखदून हसली. हसला नाही तो एकटा मडिवाळप्पा. त्यानं मान वळवून बाकावरच्या बायकांकडे एकदा नीट पाहिलं. सभा संपल्यावर दाक्षायणी साहेबांपाशी गेली. "साहेब, ते वाक्य वाचायला नको होतं."

"का? नाव कुठे वाचलं मी?"

नाव वाचलं नव्हतंच. पण असं झणझणीत बोलणाऱ्या बायका मडिवाळप्पाच्या गिऱ्हाइकांत किती असणार? घरी जाताना दाक्षायणी साहेबांवर चिडली, त्याहून जास्त स्वतःवर. आपल्याला हौस ना, शब्दन् शब्द लिहायची! माणूस त्याच्या नावापेक्षा त्याच्या बोलण्यावरून लवकर ओळखू येतो, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आळीतल्या निम्म्या बायकांच्या नकला ती स्वतः करायची.

रविवारी मडिवाळप्पा पेढे घेऊन घरी आला. कधी नव्हे तो आला, टोपी काढून पाटावर बसला, रेवणसिद्धाची विचारपूस केली, आणि मग गोड आवाजात म्हणाला, "सूनबाई, तुमी तर घरच्याच. कोण म्हनाली ओ ते? मी काय तिला खातो व्हय? उगं आपलं कळावं म्हनून."

मामाला सुनेची ख्याती माहीत होती. त्याला फार काही करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. चहा झाला, तो बसला. दुसरा चहा झाला, तो बसलाच. आणि दाक्षायणी बोलत सुटली. मिलोच्या भाकरीला चिरा का पडतात, पीठ गरम पाण्यात का भिजवावं, नव्या पेठेत इरकली लुगडं कितीला झालं, माहेरच्या म्हशीला काय झालं. एकदा तर बोलण्याच्या भरात "ती बिड्या..." इतकं तोंडातून निघालं. तिनं पटकन अख्खा पेढा तोंडात कोंबला आणि ठसका लागल्याचं सोंग केलं. मामा जरा पुढे सरकला. "बिड्यांचं काय म्हनत होता?"

"बिड्या सोडा म्हणत होते, मामा. छाती खराब होते," दाक्षायणी डोळ्यांतलं पाणी पुशीत म्हणाली.

मामा उठला. "येतो परत," म्हणाला. दार लावून ती तिथंच भिंतीला टेकून बसली. तिला स्वतःची ओळख होती. आज पेढ्यानं वाचवलं. परत आला की सुटणार होतं तोंडातून, नक्की सुटणार होतं. ही जीभ गप्प बसणारी नव्हती. गप्प बसायची नाही तर हिला कामाला लावावी, असं तिच्या मनात आलं आणि ती उठलीच.

दुसऱ्या दिवशी नळावर तिनं घागर ठेवली आणि सुरुवात केली. "कळलं का, सभेत काय वाचलं? कोण कुठली बाई देव जाणे, पण म्हणते काय, अंगठ्याचा चहा!" वाक्य काही गुपित नव्हतं. भर सभेत वाचलेलं होतं. गुपित होतं ते नाव, आणि ते सोडून तिनं सगळं सांगितलं, रंगवून, आवाज काढून, आणि दर वेळी निराळ्या बाईचा आवाज काढून. मग भाजीबाजारात, मग नव्या पेठेतल्या बांगड्यांच्या दुकानात, मग तेलुगू आळीत तेलुगूतून. मंगळवेढ्याच्या एसटीत बसलेल्या नणंदेलाही खिडकीतून सांगून झालं. आठवड्यात हे वाक्य गावाचं झालं. कुणी माप मारलं, की "काय, अंगठ्याचा चहा का?" कापडवाल्यानं वार आखडतं मोजलं तरी तेच.

पुढच्या वाटपाला मडिवाळप्पानं कान टवकारले होते. रांगेतली पहिलीच म्हातारी म्हणाली, "आप्पा, अंगठा काढ बाबा, चहा गोड लागंना." तिच्या मागची हसली आणि तेच म्हणाली. तिसरीनं तेलुगूत म्हटलं. काशम्मा बरीच मागे उभी होती, ती घाबरून एक अक्षर बोलली नाही. बिचाऱ्या मामाला कळेना, रॉकेल बंद करायचं ते कुणाकुणाचं? त्यानं अंगठा काढला. काशम्मा भरलेलं डबडं घेऊन घरी गेली, आणि दाक्षायणी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण माणसं आहेत, त्यांना नुसतं रॉकेल पुरत नाही. भीती गेली तसा त्या वाक्याला मालक फुटायला लागले. सोजरबाई छातीवर हात मारून सांगू लागली, "म्याच म्हनलं हुतं ते, सायबाला!" कुणी म्हणालं, छे, ते माझ्या जावेचं. काशम्मानं काही दिवस सोसलं. मग एकदा दाक्षायणी कामासाठी त्या वस्तीत आली, तेव्हा काशम्मानं भर चौकात, सगळ्या बायकांदेखत तिचा हात धरला.

"अक्का, सांगा की हिला. कोन बोललं हुतं ते? मीच न्हवं?"

सगळ्यांचे डोळे दाक्षायणीवर. काशम्माच्या डोळ्यांत इतकी आस होती, की एवढं उत्तर द्यायला काहीच लागलं नसतं. आयुष्यात गाजलेलं तिचं ते एकच वाक्य. पण त्या घोळक्यात दाक्षायणीनं ज्यांच्या चुलीपाशी बसून कायकाय ऐकलं होतं, त्या सगळ्या उभ्या होत्या, आणि त्याही वाट पाहत होत्या. हिचं सांगितलं, तर उद्या आमचंही सांगेल. वाक्याच्या मालकिणीनं विचारलं तरी एकदा उघडलेलं तोंड ते उघडलेलंच.

"मला नाही आठवत, काशम्मा," ती म्हणाली. "किती जणींशी बोलले मी."

काशम्मानं हात सोडला. सोजरबाई हसली. काशम्मा घरात गेली, आणि दाक्षायणीला वाटलं, तिनं एक थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. त्या संध्याकाळी तिला घास गेला नाही. एकीशी बिनसलं, एवढं तिनं नवऱ्याला सांगितलं. कुणाशी ते नाही. पण तो मामाचाच भाचा. "ती चौकातली काशम्मा ना?" त्यानं विचारलं. "तिनं हात धरला म्हणे तुझा." हे मात्र साऱ्या गावानं पाहिलं होतं. "रुसलीय माझ्यावर," एवढंच ती म्हणाली.

थंडीत खात्यानं नवी पाहणी काढली. बायका बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत, ते विचारायचं होतं. काशम्माच्या दारावरून दाक्षायणी तशीच पुढे जाणार होती. कुठल्या तोंडानं पाणी मागायचं? तेवढ्यात आतून हाक आली. "अक्का, आत या."

सोजरबाई सवयीनं मागोमाग उंबऱ्यापर्यंत आलीच. काशम्मानं तिच्या तोंडावर दार लावलं, कडी घातली. चुलीपाशी पाट मांडला. सूप बाजूला सारलं. त्या दिवशी तिची बोटं बिडी वळत नव्हती.

"तवा तुमी भर चौकात न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "लई राग आला हुता. मग रातभर इचार केला. म्हनलं, हिला कायबी सांगता येतंय." तिनं एकदा बंद दाराकडे पाहिलं. "माजी पयली लेक कशी गेली, ते मी आजपातूर कुणाला बोलले न्हाई. आयलाबी न्हाई."

दाक्षायणीनं पेनाला टोपण लावलं आणि कागद पिशवीत ठेवला.

ती उठली तेव्हा चूल विझली होती. घरी आल्यावर रेवणसिद्धानं रोजच्यासारखं विचारलं, "काय म्हणतंय गाव?" तिनं सांगितलं. वांगी महागली, नळाला पाणी कमी आलं, सोजरबाईच्या जावेनं वेगळी चूल मांडली.

"आणि ती काशम्मा? अजून रुसलेलीच?"

"नाही," दाक्षायणी म्हणाली. तो पुढचं ऐकायला थांबला. भाकरी तव्यावर फुगली, उतरली, त्याच्या ताटात पडली, तरी ती काही बोलली नाही.