राहून गेलेला 'र'

विजेच्या कामाला हात लावायची परवानगी मला कोणी दिली, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

झालं असं, की माझ्या बायकोला, वंदनाला, श्रीखंडाची पहिली मोठी ऑर्डर मिळाली. पारशिवनीला साखरपुडा होता. एवढं श्रीखंड फ्रीजमध्ये मावेना, म्हणून तिने हौसेने एक जुना, पेटीसारखा डीप फ्रीझर आणून हॉलमध्ये ठेवला. पण त्यात सगळ्याचाच दगड व्हायचा.

"थांब, मी त्याचा फ्रीज करून देतो!" मी म्हणालो. (मी शाळेत मराठी शिकवतो. हे इथेच सांगितलेलं बरं.)

मी बाहेरून लावायचा टेम्परेचर कंट्रोलर आणला. त्याच्या सेन्सरची वायर फ्रीझरमध्ये सोडायची आणि फ्रीझरचा प्लग कंट्रोलरच्या बोर्डात लावायचा. आत पुरेसं गार झालं की तो फ्रीझर बंद करतो, गरम झालं की सुरू. मी तारा जोडल्या आणि एकही फ्यूज उडाला नाही! बोर्डावर दोन सॉकेट. एकावर चिकटपट्टी लावून 'गरम' लिहिलं. दुसऱ्यावर 'कूलिंग' लिहिताना पट्टी संपली, म्हणून 'कूल'वरच थांबलो आणि फ्रीझरचा प्लग त्यात लावला.

रात्री वंदनाने श्रीखंडाची पातेली फ्रीझरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ती डबे आणायला गेली आणि इकडे हॉलमधला कूलर बंद पडला. मे महिना, नागपूर, भर दुपार! मी कूलरला थापा मारल्या, पंप उघडला, अर्धा भिजलो.

"काहून गा, चालू नाही होऊन राहिला?" आईने विचारलं.

"पाहून राहिलो ना वं!"

तेवढ्यात कंट्रोलरवरच्या आकड्याकडे नजर गेली. मायनस सोळा! नागपुरात? मे महिन्यात? मशीन सरळसरळ खोटं बोलत होतं. सेन्सर तपासावा म्हणून बाहेर काढून मुठीत धरला, आणि कूलर भर्रकन सुरू झाला! आत सोडला, बंद. मुठीत धरला, सुरू!

"धरूनच ठेव गा," आई कूलरपुढे पाय पसरून म्हणाली. "बरी हवा येऊन राहिली."

मी धरून उभा राहिलो. वर तिला यामागचं विज्ञानही समजावून सांगितलं. (काय सांगितलं ते आता आठवत नाही, आणि आठवूही नये.)

वंदना आली. तिने आधी माझ्या मुठीकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. "अहो, कूलरचा प्लग यात कोणी लावला?"

"मी," आई म्हणाली. "सकाळी कूलरमधी पाणी भरतानी शॉक नको म्हणून दोन्ही प्लग काढले. लावतानी पाह्यलं तं एका जागी 'कूल' लिहिलं. म्हटलं, मास्तरचा 'र' राहून गेला असन! मग फ्रीझर देल्ला भिंतीत लावून."

सकाळपासून न थांबता चाललेल्या फ्रीझरचं झाकण वंदनाने उघडलं. श्रीखंडाची वीट झाली होती. चमचा रोवला तर चमचाच वाकला.

"संध्याकाळी द्यायचं आहे हो," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मला खरंच स्वतःची लाज वाटली.

"रडू नको वं," आई म्हणाली. "बाहेर एवढं ऊन काय फुकट पडून राहिलं?"

पातेली तशीच गाडीत ठेवली, काचा खाली केल्या आणि निघालो. पारशिवनी येईपर्यंत उन्हाने आपलं काम चोख केलं. श्रीखंड ना दगड, ना पातळ, मस्त कुल्फीसारखं! पाहुण्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. नवरीच्या मामांनी तिथेच लग्नाची ऑर्डर दिली.

"पण अस्संच पाहिजे बरं का, ताई! कसं करता?"

"आमच्या ह्यांनी एक मशीन जोडलं आहे," वंदना म्हणाली. माझी छाती फुगली.

"त्यात फ्रीझरचा प्लग लावायचाच नाही. मग असं जमते."