डिस्क चांगली होती

धारूरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब मी चौदा वर्षं सांभाळली. सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच असायची. काही बंद पडलं की प्राचार्य म्हणायचे, "सरांना बोलवा." त्या वाक्याची मला चटक लागली होती.

मग माजलगावहून नवीन ग्रंथपाल मॅडम आल्या. तालुक्यातल्या जुन्या साप्ताहिकांचे पिवळे पडलेले अंक स्कॅन करून त्या सर्व्हरवर ठेवू लागल्या. सर्व्हरवर लिनक्स होतं. आणखी डिस्क जोडायला त्यात जागा उरली नव्हती म्हणून मी जादा डिस्क जोडता येतील असं एक कंट्रोलर कार्ड बसवलं आणि मॅडमसाठी नवी मोठी डिस्क त्या कार्डाला जोडली.

आठवड्यात एरर सुरू झाल्या. मध्येच डिस्क अडकायची, मग सिस्टीम तिच्यावर काही लिहूच द्यायची नाही. मी ती काढून ठेवली आणि तशीच दुसरी डिस्क आणून लावली. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. वायर बदलली, तरी तेच. "हल्ली मालच खराब येतो," असं मी प्राचार्यांना सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "सर, सर्व्हरने नोंदवलेल्या एररचा लॉग मी एकदा बघू का?"

मला हसू आलं. ग्रंथपाल लॉग बघणार. पण त्या खुर्चीवर बसल्या आणि पंधरा मिनिटं एकेक नोंद वाचत गेल्या. मग त्यांनी विचारलं, "दोन्ही डिस्क याच कार्डाला होत्या ना?"

"हो."

"मग काढून टाकलेली ती पहिली डिस्क कार्डाशिवाय, दुसऱ्या मशीनच्या थेट मदरबोर्डला लावून तपासू या का?"

संपूर्ण तपासणीला दुपार गेली. डिस्क ठणठणीत निघाली. दोष डिस्कमध्ये नव्हताच. नवी डिस्क वाचण्या-लिहिण्याच्या अनेक मागण्या एकाच वेळी घेऊन आपल्या सोयीने उरकते. आमचं कार्ड 'मला जमतं' असं सांगायचं आणि मागण्या वाढल्या की गडबडायचं. मॅडमनी एका ओळीच्या कमांडने डिस्कला एका वेळी एकच मागणी घ्यायला लावली. एरर थांबल्या. वेग थोडा कमी झाला, एवढंच.

शिपाई काका दारातून म्हणाले, "मॅडमनी केलं व्हय? लई भारी."

चौदा वर्षांत मला कोणी 'लई भारी' म्हटलं नव्हतं. घरी बायकोने विचारलं, "तोंड कावून उतरलंय?" मी म्हणालो, "ऊन लागलं." मॅडम कुठे शिकल्या हे सगळं, हे मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. ऐकायचीच इच्छा नव्हती.

निघताना त्या म्हणाल्या होत्या, "सर, हा बदल मशीन रीस्टार्ट होईपर्यंतच टिकेल. मशीन सुरू होताना वाचतं त्या बूटच्या फाईलमध्ये ही ओळ कायमची लिहायची राहिलीय. ते तुम्ही कराल ना?"

मी "करतो" म्हणालो. दोन मिनिटांचं काम होतं. केलं नाही. विसरलो नव्हतो. रोज सर्व्हरसमोरून जाताना आठवायचं, आणि रोज मी पुढे जायचो.

महिन्याभराने लाईट सकाळभर गेली. बॅटरी संपली, सर्व्हर बंद पडला. लाईट आल्यावर तो सुरू झाला, मॅडमनी स्कॅनिंग सुरू केलं आणि पुन्हा त्याच एरर येऊन दुपारपर्यंत डिस्कवरची फायलींची मांडणीच बिघडली. शेवटच्या बॅकअपनंतरचं आठवड्याचं काम गेलं.

मॅडमनी सर्व्हरमध्ये बदल केला होता हे प्राचार्यांच्या कानावर गेलं होतं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुमचं काम पुस्तकांचं. यापुढे सर्व्हरला फक्त सरांनीच हात लावायचा."

मला हवं होतं ते हेच वाक्य. मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मी भिंतीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्या तेच अंक पुन्हा स्कॅन करायला बसल्या. कागद इतके जीर्ण की पान उलटताना कडा गळायच्या. मी समोर बसून पानं धरू लागलो. दहा-बारा पानं झाल्यावर म्हणालो, "मॅडम, ती ओळ मी मुद्दामच लिहिली नाही."

त्यांचा हात थांबला. "कळलं होतं मला. लाईट आली तेव्हाच मी फाईल उघडून बघायला पाहिजे होती, तुमच्यावर विसंबले." मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? बोलणी मी प्राचार्यांची खाल्लीत."

केबिनपर्यंत जायला मला दोन दिवस लागले. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." सर्व्हरच्या खोलीच्या दुसऱ्या किल्लीची सोय त्यांनी त्याच दिवशी केली. ती मॅडमना दिली.

पुढे मॅडमनी सांगितलेलं दुसरं कार्ड आलं. ते मी बसवलं. वेग पूर्ववत झाला, एररही आल्या नाहीत. मॅडम माझ्याशी कामापुरतं नीट बोलतात, चहाला मात्र बोलवत नाहीत. गेल्या महिन्यात दिंद्रुडच्या एका शाळेने सर्व्हर बघायला त्यांनाच बोलावलं. शिपाई काकांनी ते मला सांगितलं तेव्हा मी "छान झालं" म्हणालो. मग लॅबमध्ये जाऊन बराच वेळ कीबोर्ड पुसत बसलो.