छत्तीस ठिपक्यांची टाइल

कमळाकर तांडेल नवी मुंबईत आमच्या महाप्याच्या टाइल कारखान्यात साचे बनवायचे. करावे गावातला माणूस. वडील खाडीत जाळं टाकायचे; कमळाकर आयटीआय करून लेथवर उभे राहिले. त्यांनी पॉलिश केलेल्या साच्यात बघून दाढी करता येते, असं टूलरूममध्ये म्हणत. दुसऱ्याच्या कामातली चूक काढायची आणि पोरीबद्दल बोलायचं, हे त्यांचे दोन आवडते विषय.

पोरीचं नाव रंजिता. चार वर्षांची असताना ताप मेंदूत गेला आणि तिची दृष्टी गेली. लहानपणी ती शेताच्या बांधावरून एकटी देवळापर्यंत जायची, पायाला वाट पाठ होती. मग बांध गेला, सेक्टर आला. गावाच्या वेशीपासून बसस्टॉपपर्यंत सहाशे मीटरचा रुंद रस्ता झाला, दोन्ही बाजूंना उघडी गटारं आणि खडीचे ढीग. एकदा ती कमरेएवढ्या गटारात पडली. तेव्हापासून आई, भागीरथीकाकू, तिचा हात सोडत नसत.

एकोणिसाव्या वर्षी रंजिताने टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला, पहिली आली. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन्हीकडे शेवटचा प्रश्न एकच: "येणार-जाणार कशी?" "आई सोडेल," म्हटलं की समोरचा फाइल बंद करायचा. बसमध्ये चढवलं की कंडक्टर बरोबर उतरवायचा, बेलापुरात ऑफिसं स्टॉपला लागूनच. अडत होतं ते सहाशे मीटरवर. तेवढं ती एकटी चालली असती तर तिला नोकरी होती.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत मालकांनी, दिलीपसाहेबांनी, जपानी मशिन घ्यायचं ठरवलं आणि ट्रेनिंगला दोघांना पाठवलं. एक तांडेलकाका, कारण साचे त्यांनाच करायचे होते. दुसरा मी, नुकताच डिप्लोमा झालेला प्रॉडक्शन सुपरवायझर. तीन आठवडे आम्ही तोक्योजवळच्या कावासाकीत होतो. सुट्टीच्या रविवारसाठी शनिवारीच होस्टेलच्या बाईंनी एक झेरॉक्सचा नकाशा हातात ठेवला. दाईकान्यामा नावाची उंची वस्ती, बाणांनी दाखवलेली वाट, एक ते चौदा आकडे. गाइड नको, आकड्यामागून चालत राहायचं. मी आदल्या रात्रीच सगळे आकडे वहीत उतरवून ठेवले होते.

स्टेशनातून चढ चढून वर आलो. पांढऱ्या, बुटक्या इमारती. रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. एका दुकानाच्या अख्ख्या काचेत फक्त एक बूट ठेवलेला, वर दिवा.

"दुसरा कोनी नेला?" काका म्हणाले.

"काका, ही डिझाइनची पद्धत असते."

"आमच्याकं देवलाभायेर अशी पद्धत असते."

तीन नंबरला एक कॅफे होता. बाहेर कॉफीची किंमत वाचून काकांनी ती रुपयांत केली आणि दोन पावलं मागे सरकले. चार नंबरला जुने कपडे विकायचं दुकान. फाटक्या जीन्सला नव्याहून जास्त भाव. पाच नंबरला एक बाई कुत्र्याला स्वेटर घालून चालली होती. काकांनी तिला वाट करून देत नमस्कार केला, कुत्र्याला की तिला कोण जाणे. मी फोटो काढत होतो. अशा वस्तीतून मी चालतोय हे वाशीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कसं सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो.

फुटपाथवरून पिवळ्या टाइलची एक पट्टी जात होती. स्टेशनवरही ती होती. मी ती रांगेसाठी आखलेली रेघ समजत होतो. काकांना तो शोभेचा प्रकार वाटत होता, "पन साचा चांगला हाय," एवढं ते बोलले होते.

सहा नंबरपाशी ती मुलगी आली. लांब करडा कोट, गळ्यात लाल रुमाल, हातात पांढरी काठी. एकटी. काठी पट्टीवर टेकत ती आमच्या बाजूने सरळ निघून गेली, आमच्यापेक्षा जोरात. पुढे पट्टीचा नमुना बदलला तिथे थांबली, पायाने चाचपलं, उजवीकडे वळली आणि केकच्या दुकानात शिरली. दारावरची घंटी वाजली.

काका जागच्या जागी उभे. मी म्हटलं, "सात नंबर डावीकडे."

"तू जा."

ती हातात खोका घेऊन बाहेर आली आणि काका तिच्या मागे चालू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या देशात आंधळ्या मुलीचा पाठलाग! मी दहा पावलं मागून, ओळख नसल्यासारखा. तिला कळलंच. थांबून वळली, काहीतरी विचारलं. काकांनी घशातून इंग्रजी ओढून काढलं: "माय डॉटर. आइज नो. सेम सेम."

मग तिने काठी खाली टेकली. लांब उंच रेघा असलेल्या टाइलवर: "गो." गोल ठिपक्यांच्या टाइलवर: "स्टॉप." पुन्हा एकदा करून दाखवलं, वाकून नमस्कार केला आणि गेली.

काकांनी बूट काढले. त्या देखण्या फुटपाथवर, मोज्यांत, डोळे मिटून ते चालायला लागले. रेघा संपल्या की थांबायचे, पायाने ठिपके चाचपायचे, वळायचे. लोक बाजूला होत होते. कुणी हसलं नाही. मी एका काचेसमोर उभा राहून आतल्या चष्म्यांत फार रस असल्यासारखं दाखवत होतो. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि मोजे मळलेले.

"आशुतोष, कागद दे."

नकाशाची मागची कोरी बाजू टाइलवर ठेवून ते पेन्सिल घासू लागले. एका बाजूला रेघा उमटल्या, चार. दुसऱ्या बाजूला ठिपके, सहा गुणिले सहा. खिशातल्या पट्टीने उंची मोजली. अख्खी दुपार ते गुडघ्यांवर होते. चौदापैकी सहाच ठिकाणं झाली, म्हणून मी परतीच्या गाडीत त्यांच्याशी बोललो नाही. ते कागद मांडीवर ठेवून बोट फिरवत होते.

घरी आल्यावर त्यांनी लाकडी साच्यात सिमेंटच्या आठ टाइल ओतल्या, चार रेघांच्या, चार ठिपक्यांच्या, आणि अंगणात मांडल्या. रोज संध्याकाळी रंजिता अनवाणी त्यांच्यावर. काका क्रम बदलायचे, ती सांगायची. मी एकदा गेलो होतो तेव्हा ती रेघांवरून आली आणि ठिपक्यांवर अशी थांबली की पुढचं पाऊल हवेतच राहिलं.

"बाबा, आता झोपेतून उठवलंत तरी थांबेन," ती म्हणाली.

"थांबायलाच पायजे. म्होरं गाडी असल."

दिलीपसाहेबांना कल्पना पटली, वेगळ्या कारणाने. नव्या टाइलची जाहिरात हवी होती. करावे वेस ते बसस्टॉप नमुन्याचा फुटपाथ कारखान्याने फुकट करून द्यायचा ठरला, परवानगी मिळाली. इकडे रंजिताला बेलापूरच्या एका ऑफिसातून पत्र आलं: दोन जानेवारीला रुजू व्हा, येण्याजाण्याची व्यवस्था स्वतःची स्वतः करावी. ते पत्र काकांनी टूलरूममध्ये सगळ्यांना वाचायला लावलं. शेवटचं वाक्य दोनदा.

नव्या मशिनवर ठिपक्यांचा साचा पहिल्या दिवसापासून छान चालला. रेघांच्या साच्याने त्रास दिला. टाइल बाहेर येताना लांब रेघेचा काठ तुटायचा, दहातल्या सहा वाया. साच्यातल्या रेघेच्या कडेला उतार थोडा कमी पडला होता. काका तो घासून वाढवत होते. तेवढ्यात उलव्याला त्यांच्या भाचीचं लग्न आलं. आगऱ्यांच्या लग्नात मामाशिवाय पान हलत नाही. हळद, लग्न, पाठची जेवणावळ मिळून आठ दिवस. जाताना ते म्हणाले, "रेघांचा साचा आर्धा घासलाय. मी येईपर्यंत हात लावू नको. ठिपके पुरेसे झालेत, ते फक्त वळनाला आनि शेवटी लागतात."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यांनी उद्घाटनाची तारीख आठ दिवस अलीकडे घेतली होती.

"होईल ना?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. फोन उचलून उलव्याला निरोप धाडता आला असता. पण माझं पहिलं मोठं काम होतं आणि बोर्डावर रोजच्या उत्पादनाचे आकडे माझ्या नावाने लिहिले जात होते. मी म्हटलं, "होईल सर. ठिपक्यांची टाइल जोरात निघतेय. सगळीकडे तीच लावू. रंग तोच, साइझ तीच."

"आंधळ्यांना चालेल ना?"

"पायाला लागतं, सर. तेच महत्त्वाचं."

पुढच्या तीन दिवसांत आम्ही उत्पादनाचं रेकॉर्ड केलं.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी काका परतले. कपाळावर अजून हळद होती. सहाशे मीटरची पट्टी पिवळी धमक दिसत होती आणि मी खरंच त्यांच्या शाबासकीची वाट बघत होतो. ते वेशीपासून बसस्टॉपपर्यंत चालत गेले, चालत परत आले.

"रेघा कुठं?"

"काका, तारीख अलीकडे आली. पण अलाइनमेंट बघा, दोरी लावून—"

"डोलं मीट."

"अहो काका, लोक बघतायत."

"तिकडं लोक नव्हते? डोलं मीट आनि चाल."

मी वीसेक पावलं चाललो. पायाखाली सगळं एकसारखं. वळण कुठे, गटार कुठे, रस्ता कुठे, काही कळेना. मी डोळे उघडले तेव्हा फुटपाथची कड एका फुटावर होती. काका म्हणाले, "आख्खा रस्ता थांब थांब सांगतंय. माजी पोरगी म्होरं जाईल कशी?"

सकाळी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी चहा पाजला. "तांडेल, आज पाहुणे आहेत. नंतर बदलून टाकू. तोपर्यंत तिला समजावून सांगा ना." फीत कापली. रंजिताला पुढे उभं केलं, फोटोसाठी. पाहुण्यांनी तिला पट्टीवर ठेवलं आणि म्हटलं, "चल बेटा." तिने एक पाऊल टाकलं आणि थांबली. पुन्हा कुणीतरी "चल" म्हटलं. ती जागची हलेना. टाळ्या वाजल्या. ती बारीक आवाजात बापाला विचारत होती, "बाबा, पुढं काय हाय?"

पुढे काही नव्हतं. मोकळा फुटपाथ होता.

मग काकांनी उलट शिकवायला घेतलं. "हितं ठिपका म्हनजे चाल." रंजिताने विचारलं, "मग थांबायचं कशावर?" पावलं मोजायची ठरली. वेशीपासून वळण पाचशे चाळीस, तिथून स्टॉप तीनशे दहा. दहा दिवस भागीरथीकाकू मागून चालल्या. दोन जानेवारीला ती एकटी गेली आणि संध्याकाळी एकटी आली. काकांनी कारखान्यात पेढे वाटले. मीही खाल्ला. मला वाटलं, सुटलो.

पाचव्या दिवशी कुणीतरी फुटपाथवर स्कूटर लावली होती. रंजिता तिला वळसा घालायला गेली आणि आकडा चुकला. वळण आलं ते तिला कळलं नाही. पायाखाली ठिपके होते, ते तर चाल सांगत होते. ती कड ओलांडून रस्त्यावर उतरली. खडीच्या टेम्पोने ब्रेक मारला तरी धक्का बसलाच. डावं मनगट मोडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ऑफिसने दोन आठवडे वाट पाहिली, मग यादीतल्या पुढच्या मुलीला घेतलं. पत्र सभ्य होतं.

मी हॉस्पिटलात गेलो. बाहेर बाकावर काका होते. मी सांगितलं, "काका, सगळीकडे ठिपके लावायचं मीच सुचवलं. साहेबांनी नाही."

"मना म्हायती हाय. बोर्डावर तुजं नाव होतं."

मी रडायला लागलो. त्यांनी थोपटलं नाही, रागावलेही नाहीत. म्हणाले, "माजं बी चुकलं. थांबायचा साचा आधी केला. चालायचा आधी करायला पायजे होता." मग भागीरथीकाकूंसाठी चहा आणायला उठले.

रेघांचा साचा त्यांनी महिन्याभरात नीट केला. एकही काठ तुटेना. त्या टाइल आज खूप खपतात. बिल्डर लोक पार्किंगच्या उतारावर बसवतात, गाडी घसरत नाही म्हणून. करावेच्या फुटपाथचं "नंतर बदलू" तिथेच राहिलं. मी दोनदा विषय काढला. तिसऱ्यांदा काढला नाही, कारण तेव्हा माझं प्रमोशन होतं.

रंजिता आता गावातल्या एसटीडी बूथवर बसते. बूथ घरापासून अकरा पावलांवर आहे. बसस्टॉपच्या बाजूला ती फक्त डॉक्टरकडे जायचं असलं तरच जाते, वडिलांचा हात धरून. परवा मी मोटारसायकलवरून जाताना दोघं दिसले, फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चाललेले. मागून ट्रक हॉर्न देत होता. नव्या टॉवरमधून फिरायला निघालेले एक गृहस्थ काकांना म्हणाले, "अहो, तुमच्यासाठी एवढा खर्च करून फुटपाथ केलाय ना? त्यावरनं चाला की."

काकांनी पोरीला आतल्या बाजूला घेतलं.

"तुमी चाला," ते म्हणाले. "तुमाला दिसतंय."