विलासबद्दल विचारलं तेव्हा

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, कोर्टात बसायच्या तयारीत होतो. साताऱ्याहून त्याच्या पुतण्यानं दोनच वाक्यं सांगितली... ‘येतो’ म्हणालो आणि काळा कोट चढवून खुर्चीवर जाऊन बसलो. त्याला महिना होत आला.

आम्ही दोघं बरोबरच न्यायाधीश झालो. मी वाईचा, घाटाजवळच्या भटजींच्या घरातला; तो माण तालुक्यातल्या बौद्धवस्तीतला, वडील मुंबईला गोदीत. पुढं सांगली जिल्ह्यात एकाच तालुक्याला आमची शेजारी-शेजारी कोर्टं होती. साक्ष द्यायला आलेली म्हातारी थरथरायला लागली की विलास म्हणायचा, “आवं मावशी, भिऊ नगा. कवा बघितलं, तेवढंच सांगा.” आणि ती घडाघडा बोलायची. माझ्यापुढं तशाच बाया मुक्या व्हायच्या.

त्याला जुन्या कारभाराचा नाद. गोरे साहेब देशी मुन्सफांना, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांना, बढती कशी द्यायचे, ते तो चवीनं सांगायचा. निकाल कोण वाचतो? माणूस कुठल्या घरातला, साहेबापुढं वाकतो किती, यावर ठरायचं. आणि जेवताना हळूच मत विचारायचं. “इचारायचं कुणाला, तर ज्याला तीच जागा पायजे त्याला!” असं म्हणून तो खो खो हसायचा. “सायब गेला गड्या, त्याचं टेबल हितंच हाय.”

बढतीच्या वेळी वरिष्ठ तपासणीला आले. विश्रामगृहावर मटणाचं जेवण होतं. रस्सा भुरकत त्यांनी मला विचारलं, “विलासरावांचं बोलणं जरा... गावरान आहे म्हणे. वरच्या खुर्चीला शोभेल?” टेबलावरचे हसले. जातीचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यावं लागतच नाही. जागा एकच होती. भाकरी मोडत मी म्हणालो, “सवय आहे, सर. वस्तीतली.” विषय संपला. ती तेलकट बोटं, ते हसणं आणि माझा तो सभ्य, मवाळ आवाज... आठवलं की आज शिसारी येते. तेव्हा आली नाही. तेव्हा मी आणखी रस्सा मागून घेतला.

जागा मला मिळाली. विलासनं मला मिठी मारली. पुढं त्याच्या आडगावी बदल्या होत राहिल्या. शेवटी मुदतीआधीच नोकरी सोडून तो साताऱ्याला घरी बसला.

परवा तिथं गेलो. वहिनी म्हणाल्या, “सगळ्यांनी ह्यांना टाकलं. तुम्ही तेवढे साहेबांपुढं ह्यांच्या बाजूनं बोललात. शेवटपर्यंत सांगायचे.”

त्याला हे कुणी सांगितलं होतं? मीच. बढतीचे पेढे घेऊन गेलो होतो, तेव्हा.

मी चहा संपवला. व्हरांड्यातल्या बाकावर दोन बाया कोर्टाचे कागद घेऊन बसलेल्या. विलास रोज सकाळी तिथं बसून लोकांना त्यांचे खटले समजावून द्यायचा. तो नाही हे ठाऊक असूनही त्या आल्या होत्या. हेही जज्जच आहेत, असं वहिनींनी सांगताच थोरली सरकली. “मग बसा की सायब. वाईच ह्ये कागद बघा.” भिंतीकडची जागा तिनं मोकळी केली. त्याची. मी घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि निघालो.

वहिनी, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते, म्हणून इथं लिहितो. मी बोललो होतो, पण त्याच्याविरुद्ध. पुन्हा कधी दारात आलोच, तर मला त्या बाकावर बसवू नका.