ऑइल पेंटने लिहिलेलं 'बंद': चारकोपहून गोराईला एक रविवार

६ मार्च २०२२, रविवार

दोन वर्षं इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल माफी. मधे काही वाचकांनी विचारलं, बरी आहेस ना? बरी होते. प्रवास बंद होते हे कारण पहिल्या वर्षापुरतं खरं होतं. नंतरचं वर्ष आळसात गेलं. गेल्या महिनाभराचं कारण मात्र वेगळं होतं, ते आजच्या सहलीत निघालंच, त्यामुळे लिहिते.

आज आमची चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटची सहल गोराईला गेली होती. नवीन वाचकांसाठी: माझा तिथे पाट्या बनवायचा गाळा आहे. वडील ब्रशने रंगवायचे, मी मशीनवर अ‍ॅक्रिलिक कापते, पण ब्रशही सोडलेला नाही. इस्टेटमध्ये तीसेक गाळे आहेत आणि दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही एक दिवस शटर खाली ओढून कुठेतरी जातो. दोन वर्षं गेलो नव्हतो. यंदा सेक्रेटरी सावंतांनी गेटवर कागद लावला: "सहल होणार. कारणं घरी ठेवून येणे."

सावंत पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतात. मूळ मालवणचे, वडील गिरणीत होते. आमच्या सहलीची एक पद्धत त्यांनीच पाडली आहे. ज्याच्या गाळ्यात जे बनतं, ते त्याने आणायचं. कागदी प्लेटा एकाच्या, टेबलावर अंथरायचं रेक्झिन दुसऱ्याचं, सामान भरायला सावंतांचे बॉक्स. आणि भाताच्या बारा लिटरच्या कुकरला रिंग गाळा नंबर चौदाची, म्हणजे सुनंदाची.

सुनंदा माझी इस्टेटमधली मैत्रीण. कुकरच्या रबरी रिंगा बनवते. पण तिचं मशीन गेलं दीड वर्ष जवळजवळ थंड आहे. तिच्या रिंगा घेणारी एक कंपनी होती, ती कारण न सांगता दुसरीकडे वळली. आता तिचा गाळा पार्सलच्या गोडाउनसाठी एकाला हवा आहे. त्याला उद्यापर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं, आणि गेटवरच्या नवीन पाटीवर कुणाची नावं घालायची ती यादी सावंत आज जेवणानंतर पक्की करणार होते. ती पाटी मीच रंगवणार आहे.

आता जायचं कसं ते सांगते. बोरिवली पश्चिमेहून गोराई खाडीपर्यंत बस मिळते. चारकोपहून आम्ही तिघं-तिघं करून रिक्षाने गेलो. खाडीवर होडी. तिकीट किरकोळ आहे, पण सुटे ठेवा, तिथे सुट्यांवरून रोज भांडण होतं. ओहोटी असेल तर चिखलाचा वास येतो आणि होडीत उतरताना पायऱ्या निसरड्या असतात. चपलेऐवजी पट्ट्याची सँडल घाला. मोठं सामान असेल तर भाईंदर-उत्तनवरून रस्ता आहे, पण तो मोठा वळसा आहे. सावंतांचा टेम्पो भांडी घेऊन तिकडून सकाळी सहालाच निघाला होता, आणि तरी आमच्या नंतर पोचला.

होडीत सुनंदा माझ्या शेजारी बसली.

"रिंग आणलीस?" मी विचारलं.

"नाही गं. सावंतांना सांगितलं, बाजारातून घ्या. माझ्या रिंगेचा भात कच्चा राहिला तर उगाच नाटक."

"असं काय बोलतेस."

"मग काय बोलू? कंपनीने उगाच सोडलं का? शेवटच्या लॉटला मी रबर बदललं होतं ना. तिथेच वाट लागली."

मी खाडीकडे बघत राहिले. दोन्ही बाजूंना खारफुटी होती, बगळे होते, एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात जाळं लावत होता. फोटो काढला, खाली टाकते. पण खरं सांगायचं तर मला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिचं रबर चांगलं होतं आणि ते मला एका महिन्यापासून माहीत होतं.

झालं होतं असं. पहिल्या लॉकडाऊननंतर इस्टेट थोडी थोडी उघडली, तेव्हा कोणाला परवानगी आहे हे गेटवर कळावं म्हणून सावंतांनी एक फळा लावला. गाळा नंबर, नाव, आणि पुढे खडूने 'चालू' किंवा 'बंद'. अक्षर चांगलं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. पण आमचा वॉचमन रोज सकाळी गेटच्या कडीबरोबर फळ्यावरही सॅनिटायझरचा फवारा मारायचा आणि खडू ओघळून जायचा. तीन दिवस पुन्हा पुन्हा लिहिलं. चौथ्या दिवशी मला त्या ओघळांची किळस आली आणि मी ऑइल पेंटने लिहून टाकलं. सुबक, एका रेषेत. ज्याचं बदलेल त्याने सांगावं, मी थिनरने पुसून देईन, असं ठरलं.

त्याच आठवड्यात सुनंदाचं घरच आजारी पडलं होतं. नवरा, प्रकाशदादा, हॉस्पिटलात. तिचा फोन कित्येक दिवस लागत नव्हता. मी चौदापुढे 'बंद' लिहिलं. ते दोन आठवड्यांपुरतं असणार होतं. दादा वाचले, पण छाती कमजोर झाली, मग ती सगळी गावी गेली. दिवाळीनंतर ती परत येतेय असं कळलं, तेव्हा आठवडाभर आधी मी तो शब्द पुसला. तिने तो कधी पाहिलाच नाही.

गेल्या महिन्यात माझे अ‍ॅक्रिलिकचे पत्रे आणणारा टेम्पोवाला गप्पा मारत होता. पूर्वी तो सुनंदाच्या रिंगाही न्यायचा. म्हणाला, "मॅडम, मी दोनदा आलो होतो ना तेव्हा. सगळे घरी शिजवत होते, रिंगांना केवढी मागणी. पण पाटीवर बंद. तेही पक्क्या रंगात. मी फोटो काढून कंपनीच्या सायबांना पाठवला. ते म्हणाले, रंगवूनच टाकलंय म्हणजे कायमचं दिसतंय."

महिनाभर मी हे पोटात ठेवलं. दरम्यान रोज तिच्याबरोबर चहा प्यायले. ब्लॉग उघडायचे आणि मिटायचे. त्या वर्षाबद्दल जे लिहायचं त्यात हे आलंच असतं.

पलीकडे उतरलं की गावापर्यंत रिक्षा मिळतात. आम्ही उतरलो ते सहलीवाल्यांना घरचं जेवण देणाऱ्या एलिझा आंटींच्या घरी. मागे नारळाची वाडी, पुढे ओटा, बाहेर दोरीवर बोंबील वाळत घातलेले. मासळी आणि वडे त्यांचे, भात आमचा, असं ठरलं होतं. माणशी किती ते आधीच विचारून ठेवा, रविवारी भाव वेगळा असतो. समुद्रात पोहायला जाऊ नका, ओढ आहे. वाळूत फिरा, उन्हं उतरल्यावर बरं वाटतं.

आंटींना आमच्यातल्या कोणीतरी विचारलं, त्या वर्षी तुमचं कसं काय?

"कसं काय म्हणजे? कोण येणार होतं? एक माणूस येऊन दारावर कागद डकवून गेला, पाहुणे घेऊ नका. जाड कागद होता. नंतर मी तो सोडवला आणि पाठीमागे भाजीचे भाव लिहिले. वाडीतली भाजी विकली. कोरी बाजू फुकट का घालवा?"

सावंत खूश झाले. "ह्येका म्हणतत धंदो," म्हणाले. मग ओट्यावर बसून त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांना बोलतं केलं. त्यांचा नियम एकच होता. त्या वर्षात काय गेलं ते सांगायचं नाही, आधी कधी केलं नव्हतं असं काय केलं ते सांगायचं. सीट कव्हरवाल्याने मास्क शिवले, पहिले पन्नास इतके मोठे की मुलांनी डोक्याला बांधले. मी तोंडापुढे लावायच्या पारदर्शक ढाली कापल्या. सावंतांनी भाजीच्या घरपोच पेट्या बनवल्या, आणि पहिल्याच पावसात त्यांचा तळ सुटून कोणाचे तरी टोमॅटो सेक्टरभर धावले.

"परवा बँकेचो माणूस इचारता, सावरलात काय? मी म्हटलंय, सावराक आमी पडलंव खय? गाळ्यातच उभे हुतंव."

हशा झाला. सुनंदा हसली नाही. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "मी काही केलं नाही," आणि कुकरकडे उठून गेली. मी मागे गेले.

कुकर शिट्टी देत नव्हता. वाफ बाजूने फुसफुसत होती, झाकणाच्या कडेने पाणी गळत होतं. बाजारातून आणलेली रिंग सैल पडली होती. सुनंदाने ती काढली, उलटी लावून पाहिली, धुऊन पाहिली. तीस माणसं भुकेली. आंटी म्हणाल्या, दुसऱ्या पातेल्यात घालते, पण तासभर जाईल. सुनंदाने हात पुसले. मग तिने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. आत एक पांढरी रिंग होती.

"शेवटच्या लॉटमधली आहे," ती म्हणाली. "दीड वर्ष बरोबर घेऊन फिरतेय. काय चुकलं ते बघायला. लावायची हिंमत झाली नाही."

"लाव," मी म्हटलं.

तिने लावली. गॅस मोठा केला. आम्ही दोघी त्या झाकणाकडे बघत उभ्या राहिलो. बाजूने वाफ आली नाही. थोड्या वेळाने कुकर डुलायला लागला आणि त्याने शिट्टी दिली. मग दुसरी. तिसरीला ओट्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

सावंत आत डोकावले. "अगो, ही तर बरी असा. हिका काय झाला हुता?"

"तेच कळत नाही," सुनंदा म्हणाली. ती रागाने बघत होती, कुकरकडे.

"सुनंदा, रिंगेला काही झालं नव्हतं," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. फवारा, ऑइल पेंट, टेम्पोवाला, फोटो. पुसलेलं कधी तेही. महिन्याभराचा चहाही. सावंत दारात तसेच उभे होते. भात शिजत होता, त्याचा वास यायला लागला होता.

तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "म्हणजे रिंग चांगली होती."

"हो."

"रबर बदललं ते बरोबर होतं."

"हो."

"वैशाली, दीड वर्ष मी स्वतःला शिव्या घातल्या. त्या सगळ्या तुझ्या होत्या."

"घाल आता."

"आता भात उतरवायचाय," ती म्हणाली, आणि कापडाने धरून कुकर खाली घेतला.

जेवण झकास झालं. बोंबलाचं कालवण, वडे, आणि मोकळा, एकसारखा शिजलेला भात. सुनंदा माझ्यापासून चार माणसं सोडून बसली होती. जेवल्यावर सावंतांनी यादी काढली आणि एकेक नंबर वाचायला लागले. चौदावर थांबले.

"सुनंदा, तुझा काय? त्या गोडाउनवाल्याक काय सांगू?"

"त्याला सांगा, बंद."

"बंद म्हणजे?"

"विषय बंद. गाळा चालू. कंपनीत मी उद्या स्वतः जाते, ही रिंग आणि हाच कुकर घेऊन. त्यांच्या ऑफिसात भात लावते. नाही घेतल्या तर दुसरीकडे लावते. मुंबईत कुकर काय कमी आहेत?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि नवीन पाटीवर माझ्या नावापुढे 'चालू' लिहायचं. पक्क्या रंगात."

"पण नव्या पाटीर नुसती नावां..."

"सावंत, माझ्या पुढे 'बंद' चार महिने होतं. तेव्हा कोणी विचारलं का, नियमात बसतं का म्हणून?"

सावंतांनी यादीवर काहीतरी लिहिलं आणि पंधरा वाचला.

परतीची शेवटची होडी कधी ते सकाळीच विचारून ठेवा, आम्ही जवळजवळ चुकवली. सुनंदाने कुकर टेम्पोत जाऊ दिला नाही. होडीत ती समोरच्या बाकावर तो मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी गेले नाही. भरती आली होती, चिखल झाकला गेला होता. खाडीवर उतरल्यावर तिने रिक्षा थांबवली आणि आत बसता बसता विचारलं, "रंग कुठला वापरणार?"

"सावंत लाल म्हणत होते."

"लाल उन्हात उडतो. काळा वापर."

रिक्षा गेली.

घरी येऊन हे लिहितेय. केसांना बोंबलांचा वास आहे, सँडलमध्ये वाळू. मी तिला तिच्यासाठी सांगितलं की माझ्या पोटातलं उतरावं म्हणून, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. कुकरने शिट्टी दिली नसती तर आज सांगितलं असतं का, याचंही नाही. तिने माफ केलं असंही मी इथे लिहिणार नाही, कारण तिने तसं म्हटलेलं नाही. तिने रंग सांगितला. गोराईला जा, आंटींकडचा भात आपला आपण लावा, आणि रिंग चांगली घ्या. कुठली ते आता कळलंच असेल.

उद्या: गाळा नंबर चौदा, नावापुढे 'चालू', काळा ऑइल पेंट, दोन हात.