आजीचं माहेरचं नाव

माझी आजी बाळंतपणातच गेली, त्यामुळं आईनं स्वतःच्या आईला कधी पाहिलंच नाही. लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं नाव तेवढं आईला ठाऊक होतं. माहेरचं नाव सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. यंदा आई अंथरुणाला खिळली आणि तिनं एकच धोशा लावला, "तिला माहेरी काय म्हनायचे, तेवढं हुडक गं."

मग मी आजीच्या माहेरच्या तालुक्याला, शिराळ्याला जाऊन तिच्या वडिलांच्या मृत्युपत्राची नक्कल काढली. ती सगळी मोडी लिपीत, म्हणून सांगलीला एका निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतली. त्यात मुलांची नावं होती, कुणाला कुठलं रान ते होतं, अगदी दोन्ही बैलांचीसुद्धा नावं होती. शेवटी एवढंच होतं, "मुलगी दिल्या घरी आहे, तिला काही देणे नाही."

"आणि तिचं नाव?" मी विचारलं.

"आवं ताई, द्यायचंच न्हाई म्हटल्यावर नाव कशाला लिवतील?"

घरी येऊन आईशी खोटं बोलवेना. होतं तसं सगळं सांगितलं.

"बैलांस्नी नावानं बोलवायचे व्हय," ती म्हणाली, "मग माज्या आईला कसं बोलवत असतील गं?"

चार दिवसांनी आई गेली.