काकूंची हलकी काडतुसं

स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या काकूंइतकी अहिंसक बाई साऱ्या पेनसिल्व्हेनियात दुसरी नसेल, आणि बंदुकीची काडतुसं घरी भरणारी माझ्या ओळखीतली बाईही त्या एकट्याच. ही दोन्ही विधानं एकाच बाईबद्दल आहेत, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसायला बरेच दिवस लागले. काकू म्हणजे आम्हा मराठी विद्यार्थ्यांचं माहेर. घरात कोळी दिसला की त्या त्याला वाटीखाली धरून अंगणात सोडून येत, आणि बाहेर बर्फ असेल तर ‘गारठेल बिचारा’ म्हणून गॅरेजमध्ये. अंड्याचा केक आणला तर तो आम्ही पायरीवर बसून खायचा. काकांना मात्र अमेरिकेनं शिकारीचा नाद लावला होता. वर्षातून एकदा ते ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरण मारायला जात. इतक्या वर्षांच्या संसारात त्या मांसाला उंबरा ओलांडता आला नव्हता. त्याचा फ्रीजर गॅरेजमध्ये, त्याची शेगडी गॅरेजमध्ये, आणि ते खाल्लेले काकाही, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत, गॅरेजमध्येच.

ज्या उन्हाळ्यात काकांची बायपास झाली, त्याच्या पुढच्याच सेमिस्टरला काकूंच्या घरी बासुंदीचा पूर आला. कधी बासुंदी, कधी खीर, मध्येच पेढे. न मागता डबे येऊ लागले आणि आम्ही खात सुटलो. माझा नागपूरचा रूममेट जीन्सचं बटण लावता लावता म्हणाला, “यार, काकूंना आपली फारच काळजी वाटते.” मलाही तसंच वाटत होतं. मग एका शनिवारी काकूंनी मला गाडीत सामान भरायला बोलावलं. सामान म्हणजे दुधाचे रिकामे झालेले गॅलनचे कॅन, आता पाण्यानं काठोकाठ भरलेले, आणि शेजारी काकांची रायफल. गाडी गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर थांबली. काकूंनी पदर खोचला, अंबाड्यावरून कानांचे जाडजूड मफ चढवले, कॅन एकामागे एक रांगेत मांडले आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिला कॅन फोडला. तेव्हा कुठे उलगडा झाला. आम्हाला खाऊ घालायचं म्हणून दूध आटत नव्हतं, कॅन रिकामे व्हावेत म्हणून आटत होतं.

झालं होतं ते असं. काकांच्या छातीला बंदुकीचा धक्का बसता कामा नये, फारच हलका असला तर चालेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून काका खिडकीशी बसून मागचं रान बघत राहायचे. जेवण कमी, बोलणं जवळजवळ बंद. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन शिकाऱ्यानं काकूंना सांगितलं की कमी धक्क्याची काडतुसं घरी भरता येतात, आणि ही बाई त्याच्या तळघरात जाऊन ते शिकून आली. हलकी गोळी, बेताची दारू, तीही पुस्तकात दिलीय त्याहून जास्त नाही आणि कमीही नाही, कारण कमी पडली तरी घातच. जन्मभर चिमटीनं आणि मुठीनं स्वयंपाक केलेल्या काकू काट्यावर कण कण तोलू लागल्या. ती सवय इतकी भिनली की एकदा आमटीचं मीठ तोलताना त्यांनी मला श्वास रोखून धरायला लावला, पारडं हलेल म्हणून.

रेंजवर काकांना यायची बंदी होती. प्रत्येक काडतूस काकू आधी स्वतःच्या खांद्याला दस्ता लावून झाडत, बाळाचं दूध मनगटावर टाकून बघावं तसं. शेजाऱ्यानं आपण बघतो म्हटलं, तर रेड्यासारख्या खांद्याला काय कळणार म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. किती कॅन फुटतात यावरून गोळीचा जोर कळायचा; पहिल्या खेपेची गोळी दुसऱ्याच कॅनमध्ये थबकली. धक्का असा नव्हताच. मी अभिनंदन करायला गेलो तर काकूंचा चेहरा पांढराफटक.

“अरे, यानं हरण मरणार नाही,” त्या म्हणाल्या. “नुसतं जखमी होईल आणि रानात तडफडत पडेल.”

पुढची खेप जोरकस झाली आणि काकूंच्या खांद्यावर काळानिळा वळ उठला. तीही बाद. काकांना दुखायला नको आणि हरणालाही दुखायला नको, असा अचाट हट्ट धरून त्या पानगळ संपेपर्यंत कॅन फोडत राहिल्या. मनासारखं काडतूस जमलं तेव्हा नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग तोंडावर आलं होतं.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तेव्हा तिकडे हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायचा. काका शेजाऱ्याबरोबर मागच्या रानात गेले आणि मी काकूंच्या सोबतीला थांबलो. रानात इकडेतिकडे बार होत होते. मग एक मवाळसा बार झाला. “हा आपला,” काकू म्हणाल्या, आणि ओट्याची कड घट्ट धरून उभ्या राहिल्या. लगेच दुसरा झाला असता तर पहिल्यानं हरण नुसतंच जखमी झालं असा त्याचा अर्थ. दुसरा झाला नाही.

काका परत आले ते दहा वर्षांनी लहान होऊन. काकूंनी पायरीवरच विचारलं, “पळालं का?”

“नाही गं. होतं तिथेच बसलं. त्याला कळलंसुद्धा नसेल.”

मग शेजाऱ्यादेखत त्यांनी काकांच्या नारिंगी जाकिटाची चेन उघडली, छाती-खांदा चाचपला, कुठे लाल झालंय का ते पाहिलं. काही नव्हतं. आता काकू हसतील म्हणून मी बघतोय, तर त्या त्या बर्फाळ पायरीवर बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. “माझ्या हातानं गेलं हो ते,” एवढंच म्हणत राहिल्या. काका शेजारी बसले आणि म्हणाले की पुढच्या वर्षी बंदूक नको, नुसता रानात बसून येईन.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. “नुसते नका बसू. भरीन मी. काय पाप लागायचं ते मला लागू दे. पण तुम्ही पुन्हा त्या खिडकीशी बसलात तर मला बघवणार नाही.”

पुढच्या मोसमात मी नोकरीसाठी दूर प्लेनो शहरात होतो. त्या सोमवारी ऑफिसच्या पार्किंगमधून काकूंना फोन लावला. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “थांब रे जरा. आपला बार झालाय. दुसरा होतो का ऐकतेय.” मी फोन कानाला लावून त्यांच्याबरोबर ऐकत थांबलो.